खिशावरची हळद

घर सोडलं त्या सकाळी आईने माझ्या बॅगेत नवे शर्ट ठेवले ते तसेच, कोरे. दुकानातलं प्लास्टिक, कॉलरखालचा पुठ्ठा, टाचण्या, सगळं जागच्या जागी. बाबा ओट्यावर बसून उगाचच चपलेचा पट्टा ओढत होते, रस्त्यावर मिनीडोअर रिक्षावाला हॉर्न मारून मारून दमला होता, आणि मी बॅगेची चेन धरून आईकडे बघत उभा. मला वाटलं, गडबडीत विसरली असेल. म्हटलं, "आये, लावायचं राहिलं." ती बॅगेतली वालाची पिशवी काढून परत आत लावत होती. मान वर न करता म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तसंच घाल."

तुम्ही आमच्याकडचे असाल तर यात काय झालं ते तुम्हाला लगेच कळेल. बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या घरात नवं कापड कोरं अंगाला लागत नसे. आधी देवापुढे ठेवायचं, मग आई कोयरीतल्या हळदीत बोट बुडवून त्याला एक टिळा लावायची, आणि मग ते घालायचं. बापयांच्या शर्टाला खिशावर, बायांच्या लुगड्याला पदराच्या टोकाला. हे सगळीकडेच करतात म्हणा, पण आमची आई म्हणजे अति होती. बाबांच्या नव्या छत्रीला हळद. कुकरला हळद. मी कॉलेजात पांढरा ॲप्रन घेतला, त्यालाही हळद, आणि रोह्याच्या कॉलेजातली पोरं मला वर्षभर विचारत होती की हा कसला प्रयोग फसला. माझा पहिला मोबाइल आला तेव्हा तिने काचेवर बोट टेकवलं आणि तो आपोआप कुणाला तरी फोन लावायला लागला. बाबा हसून हसून खाली बसले. तर अशी ही बाई, आणि तिने मला परमुलखात पाठवताना शर्ट कोरे दिले. पनवेलपर्यंत एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो.

त्यामागे एक दुसरा शर्ट होता. तोही पांढरा. त्याची हकीकत सांगतो.

आमचं गाव कोलाडच्या आतल्या अंगाला. पावसात भात, मग त्याच ओलीवर वाल. बाबांनी शेतीच केली. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालो तेव्हा घरात एकच गणित होतं, की पोराला धाटावला लागू दे. धाटाव म्हणजे रोह्याची एमआयडीसी. सकाळी घरची भाकरी खाऊन जायचं, संध्याकाळी घरच्या भाकरीला परत. दुसऱ्या कसल्याच मोठेपणाची आईला हौस नव्हती. "डोळ्यापुढं ऱ्हा" एवढंच तिचं म्हणणं. तिथल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये माणूस हवा होता, माझा अर्ज गेला, आणि इंटरव्ह्यूचा फोन आला. नोकरी लागली तर मी घरात राहणार, नाही लागली तर गुजरात. आमच्या बॅचची निम्मी पोरं तिकडेच गेली होती.

शर्ट घ्यायला आई मला पेणला घेऊन गेली, तिच्या भावाकडे. आईचं माहेर गागोद्याच्या बाजूचं, आणि मामा पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करतो. चांगलं दिसणं म्हणजे काय हे घराण्यात कुणाला कळत असेल तर मामाला, असं आईचं पक्कं मत. मामाने दुकानात बसून माझ्या अंगाला एकेक शर्ट लावून बघितला, डोळे बारीक करून, मान तिरकी करून, जसा तो मूर्तीला बघतो तसा. दुकानदार कंटाळला. शेवटी एक पांढरा पसंत पडला. काळी पॅन्ट, काळे बूट, पट्टा, सगळं त्यानेच ठरवलं. केस किती बारीक कापायचे तेही. वर बजावलं की आत गेल्यावर खुर्ची ओढताना आवाज करू नको आणि बोलताना बोटं मोडू नको. बोटं मोडायची खोड मला आहे ती त्याच्यावरूनच आली आहे, ते सोडा.

इंटरव्ह्यूच्या आदल्या संध्याकाळी आईने शर्ट देवापुढे ठेवला आणि खिशावर हळद लावली. चांगला ठसठशीत टिळा. मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. त्यानंतर मामाचा फोन आला. स्पीकरवर होता, कारण आई भाकऱ्या थापत होती आणि तिला भावाचा आवाज ऐकायचा होता. मामा परत परत तेच सांगत होता, इस्त्री कर, बूट पुसून घे. आणि मग म्हणाला, "आणि शर्ट जप रं. पांढऱ्यावर टिपका म्हंजे सगळं मेलं. गिऱ्हाईक येतं ना, सोंड बघत नाय, डोळं बघत नाय, त्याला नेमका टिपकाच दिसतो. मूर्ती तशीच ठिवून जातं."

आईचा हात थापता थापता थांबला, तो मी बघितला. फोन संपला. जेवलो, झोपलो.

उजाडता उठलो तर आई चुलीपुढे शर्ट मांडीवर घेऊन बसलेली. तिने पहाटे उठून तेवढा खिसा साबणाने धुतला होता. आता, हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे जगातल्या कुठल्याच बाईला शिकवावं लागत नाही. तिलाही माहीत होतं. पण तिला वाटलं, टिळा ताजा आहे, चोळला की निघेल. तो काही निघाला नाही. लाल झाला, पसरला, आणि खिशावर रुपयाएवढा तांबडा डाग बसला. एरवी असा डाग एक-दोन दिवस उन्हात टाकला की जातो. पण आषाढ होता, आठवडाभर सूर्य कुणी बघितला नव्हता. वीजही नव्हती. तिने शर्ट चुलीच्या धगीवर वाळवला आणि तांब्यात निखारे घालून त्याला इस्त्री केली. इस्त्री इतकी सुरेख केली होती की काय सांगू. बाह्यांची घडी अशी, की हात लावायला नको. आणि मधोमध तो डाग.

ती एकच गोष्ट बोलली. "माज्या हातानं झालं."

मी म्हटलं, अगं फाईल धरीन छातीशी, दिसणार पण नाही. बाबा म्हणाले, चांगल्या कामाला चाललाय, तोंडं पाडू नका. दुसरा पांढरा शर्ट घरात नव्हता आणि मिनीडोअर चुकली असती. मी बूट पिशवीत घेतले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बाबांच्या छत्रीखालून अनवाणी रस्त्यापर्यंत गेलो. कंपनीच्या गेटजवळ नळ होता, तिथे पाय धुतले, मोजे चढवले, बूट घातले. तिथे आमच्यासारखीच आणखी पोरं पाय धूत होती. आम्ही एकमेकांकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

आत तिघे बसलेले. मी खुर्ची आवाज न करता ओढली, बोटं मोडली नाहीत, फाईल छातीशी गच्च. दोन प्रश्न झाले आणि मधले वयस्कर साहेब म्हणाले, "फाईल ठेवा ना टेबलावर, आम्ही घेऊन जाणार नाही." ठेवावी लागली. त्यांची नजर सरळ खिशावर. मामाचं म्हणणं खरं, टिपकाच दिसतो.

"लागलंय का काही? रक्त आहे?"

"हळद आहे, सर."

"हळद लाल कशी?"

"साबण लागला, सर." आणि मग मला जोर आला, कारण हे तर माझंच होतं. हळदीतला रंग अल्कलीत लाल होतो, ॲसिडमध्ये पिवळा राहतो, आम्ही प्रॅक्टिकलला हळदीचा कागद करायचो, सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, मग लिंबू पिळायचं. मी म्हटलं, परत पिवळा होईल, पण जायचा नाही. "मग घालवायचा कसा?" मी म्हटलं, "ऊन पाहिजे, सर."

तिघांनीही एकदम खिडकीकडे बघितलं. बाहेर इतकं कोसळत होतं की समोरची टाकीसुद्धा दिसत नव्हती. आणि तिघेही हसले. मीही हसलो. मधल्या साहेबांनी विचारलं हळद कुणी लावली, मी सांगितलं आईने. ते म्हणाले, माझी पण लावायची. त्यानंतर सगळा इंटरव्ह्यू इतका मोकळा झाला की मी परत येताना पिशवीत बूट न घालता तसाच चिखलातून आलो.

घरी येऊन मी हे रंगवून सांगितलं. आई पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभी होती. सांगता सांगता खिडकीच्या गोष्टीपर्यंत आलो, सगळे हसले म्हटलं, आणि तिचा चेहरा बघितला. तिला त्यातलं तेवढंच ऐकू गेलं होतं.

"हासले?"

"अगं, चांगलं हासले. पावसाला हासले."

"व्हय," म्हणाली आणि आत गेली.

कंपनीकडून काहीच आलं नाही. श्रावण गेला, गणपती गेले. मी गेटवर जाऊन आलो तेव्हा ऑफिसातल्या एका माणसाने सांगितलं की ती भरतीच वरून थांबवली आहे, लॅबमध्ये कुणालाच घेतलेलं नाही. त्या दिवशी पाय धुणाऱ्या पोरांपैकी एकालाही नाही. हे मी आईला त्या दिवशी सांगितलं. मग दिवाळीत सांगितलं. पुढची कितीतरी वर्षं सांगत राहिलो. तिने कधी वाद घातला नाही, तेच वाईट. "बरं," म्हणायची. पोरगा आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतोय, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसायचं. वाद घातला असता तर मी जिंकलो तरी असतो.

अंकलेश्वरच्या नोकरीचा इंटरव्ह्यू मोबाइलवर झाला. व्हिडिओपुरतं नेटवर्क फक्त देवळाच्या कट्ट्यावर मिळतं, म्हणून तिथे बसलो. वर शर्ट, खाली हाफ पॅन्ट. बाबा गुरं हाकलायला उभे. आई लांब पायरीवर बसली होती, दोन्ही हात पदरात गुंडाळून. मला तेव्हा कळलं नाही, थंडी वाजते आहे की काय असं वाटलं. नंतर लक्षात आलं, ती हात आवरून बसली होती. माझ्या कुठल्याच वस्तूला आपला हात लागू नये म्हणून. ती नोकरी लागली. म्हणजे तिचा हिशोब तिच्या दृष्टीने पुरा झाला. हळद लावली तेव्हा गेली, नाही लावली तेव्हा मिळाली. आता हिला केमिस्ट्री काय समजवायची?

जे माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. शेअरिंगची रूम, कुणाचा तरी घोरण्याचा आवाज, वरणात गूळ. "चालशे" म्हणायला मी महिन्याभरात शिकलो. जनरल शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाइट. आणि गंमत म्हणजे कंपनीने पहिल्याच दिवशी राखाडी युनिफॉर्म दिला. पेणच्या दुकानात मान तिरकी करून निवडलेली पॅन्ट, बूट, इस्त्री, इन-शर्ट, सगळं बॅगेत पडून. तिथे तुम्ही कसे दिसता याच्याशी कुणाला देणंघेणं नाही, हेल्मेट घातलंय की नाही एवढंच बघतात. आईने दिलेले कोरे शर्ट मी सुट्टीच्या दिवशी घालायचो. घातले की खिशावर हात जायचा.

सुट्टीवर येताना मी मुद्दाम नवा शर्ट घेऊन यायचो. प्लास्टिक न फोडता. तिच्यापुढे ठेवायचो आणि म्हणायचो, आये, लाव. ती हात पुसायची, शर्ट उलटापालटा करून बघायची, कापडाचं कौतुक करायची. "चांगला हाय. तुज्या बाबांना सांग देवापुढं ठेवायला." एवढंच. बाकी सगळ्यांना लावायची हां. बाबांच्या सदऱ्याला, शेजारच्या पोरांच्या गणवेशाला, काकीच्या लुगड्याला. फक्त माझ्या कपड्यांना नाही. एकदा मी चिडलो. म्हटलं, मी काय परका झालो का? ती भांडी घासत होती. म्हणाली, "परका झालास ते माज्याच हातानं ना? आता आनखी नको." आणि राख घेऊन परत घासायला लागली.

तो पांढरा शर्ट तिने टाकला नव्हता. त्या वर्षी पाऊस सरल्यावर तिने तो रोज अंगणात वाळत घातला. कोरडाच. सकाळी घालायची, दुपारी उलटा करायची. काकी मला फोनवर सांगायची, तुझी आय येडी झालीय, एकच शर्ट वाळवत बसते. दिवाळीला गेलो तेव्हा तिने तो ट्रंकेतून काढून दाखवला. डागाचा मागमूस नव्हता. "गेला बघ," म्हणाली. मी म्हटलं, दे, घालतो. तिने घडी घालून परत ठेवून दिला. "तवा ऊन पडलं असतं तर," एवढंच म्हणाली. मला रडू आलं, मी गोठ्याकडे निघून गेलो.

आई गेली ती तापाचं निमित्त होऊन. रोह्याच्या दवाखान्यात दोन दिवस होती, मला कळवलं तेव्हा बरी आहे म्हणाले, आणि मी निघायच्या तयारीत असताना दुसरा फोन आला. मी पोचलो तेव्हा सगळे माझ्यासाठी थांबले होते. आई अहेव गेली, बाबांच्या आधी, म्हणून कोलाडहून हिरवी साडी आणली होती. काकी तिचं प्लास्टिक फाडत होती. कुणीतरी घाई करा म्हणालं. काकीने साडी उलगडली. आणि ती कोरी होती.

मी आत गेलो. कोयरी होती तिथेच होती. ती घेऊन बाहेर आलो. काकी म्हणाली, "बाला, मयताच्या कापडाला नाय लावत."

मी म्हटलं, "काकी, आयने कधी कोरं घातलंय का?"

काकीने पदराचं टोक शोधून माझ्यापुढे धरलं. "लाव," म्हणाली.

मी लावली. आयुष्यात पहिल्यांदा. किती घ्यायची ते माहीत नव्हतं, खूप घेतली गेली. टिळा वाकडा आला, मोठा आला, बोट पदरावर घसरलं. तिने लावला असता तर असा नसता लागला. मग त्यांनी साडी नेसवली आणि तो पदर तिच्या अंगावरून पुढे घेतला. मामा पायाशी उभा होता. पेणहून तसाच रंगाच्या हातांनी आला होता. तो त्या टिळ्याकडे बघत होता. त्याला ती फोनची संध्याकाळ आठवत होती की नाही, मी कधी विचारलं नाही. विचारणारही नाही.

दुसऱ्या दिवशी मोरीवर हात धुतले, साबण लागला आणि माझं बोट लालभडक झालं. नखाच्या कडेला, चामडीच्या रेघांत. का झालं ते मला माहीत आहे. ते तर मी तीन साहेबांसमोर न अडखळता सांगितलं होतं. तरी मी तिथेच उकिडवा बसलो आणि मोठ्याने रडलो. बाबा आले, त्यांनी माझ्या बोटाकडे बघितलं आणि माझ्या हातावर पाणी ओतलं.

आता घरात बाबा एकटेच असतात. वाल पेरतात, काकी भाजी आणून देते. मी अंकलेश्वरला. इकडे माझं नाव आहे, लॅबमध्ये माझ्या हाताखाली पोरं आहेत, भाषा येते, वरणातला गूळसुद्धा आता जाणवत नाही. कुणी विचारलं घर कुठे, तर मी अजून कोलाड म्हणतो आणि म्हणताना जरा खोटं बोलल्यासारखं वाटतं. ज्या घरात डोळ्यापुढे ठेवणारी होती, तिथे आता तीच नाही.

गेल्या महिन्यात धाटावच्या एका कंपनीचा फोन आला. ती नव्हे, दुसरीच. सीनिअर केमिस्ट हवा आहे, समक्ष भेटायला या म्हणाले. होईल की नाही देव जाणे. वय झालंय, पगारही इथल्यापेक्षा कमी. पण मी हो म्हटलं आणि बाबांना फोन केला.

ते म्हणाले, "शर्ट घेतलास?"

"घेतो की इकडेच."

"घे. पन घालून येऊ नको. कोरा आन." मागे कोंबड्या ओरडत होत्या. "मी लावीन. हात कापतो माजा आताशा, मोठा लागंल."

मी म्हटलं, "लागू दे, बाबा. खिशावरच लावा."